नहेरीच्या काठावरच्या हरकती

गेल्या वर्षी दिवाळीतल्या लाभपाचमीनंतरच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता, सुरत परिसराच्या विकास आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी झाली. गिरणानगर या वस्तीतून आलेल्या बत्तीस अर्जदारांची नावं एकामागून एक पुकारली गेली. हजर एकच होती. मंगलाबाई पाटील, मेस चालवणाऱ्या.

या सोमवारी त्याच कार्यालयाच्या फळ्यावर नवी सूचना लागली. हरकती आणि सूचना ऐकून आराखड्यात बदल केले आहेत, सुधारित नकाशे पाहण्यासाठी ठेवले आहेत, ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी दोन महिन्यांत लेखी कळवावं. गेल्या वर्षीही असाच वैशाख होता. चलथाणच्या साखर कारखान्याचा हंगाम संपत आलेला, उरलेल्या उसाचं पाचट जाळलेलं, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बोटभर लांबीची काळी राख अलगद येऊन बसलेली. ती राख झटकायची नसते, फुंकायची असते. झटकली की पसरते. गिरणानगरच्या बायका अजूनही रोज संध्याकाळी कपडे काढताना एकेक कपडा फुंकतात.

गिरणानगर शहराच्या चलथाणकडच्या टोकाला आहे. एका बाजूला नहेर, म्हणजे उकाईच्या धरणाकडून येणारा कालवा, आणि नहेरीला लागून घरांची एक लांब रांग. ही जमीन पूर्वी उसाची. तिचे तुकडे स्टॅम्पपेपरवर विकले गेले आणि खानदेशातून लूमच्या खात्यांवर काम करायला आलेल्या माणसांनी ते घेतले. इथे कारखान्याला खातं म्हणतात. खात्यावर बारा तासांची पाळी, सातला सुरू, सातला बंद. मंगलाबाईंचे पती तिथे कारागीर आहेत. मंगलाबाई स्वतः घरी चौदा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करतात. दोन खोल्या आणि नहेरीच्या बाजूला स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरावरच घर चालतं. बाहेर ओटा आहे. जेवणारे तिथे बसतात.

गेल्या वैशाखात नकाशे पहिल्यांदा पाहायला ठेवले, त्या दिवशी बातमीसाठी मी त्या कार्यालयात होतो. लांब सभागृहात टेबलं लावलेली, टेबलांवर चादरीएवढे कागद, वर पंखे, आणि कागद उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर ठेवलेले फरशीचे तुकडे. पिवळा रंग राहण्यासाठी, हिरवा शेतीसाठी, जांभळा कारखान्यांसाठी. कतारगामचा एक हिऱ्याच्या कारखान्याचा मालक भिंग घेऊन आला होता आणि ते भिंग मग टेबलाटेबलावर फिरत राहिलं. इच्छापोरच्या वसाहतीत कंत्राटावर काम करणारे दोघं जांभळ्या रंगावर हात ठेवून उभे होते. आवाज कोणी चढवत नव्हतं. सगळे खाली वाकून आपापलं ठिकाण शोधत होते.

गिरणानगर सापडायला पाऊण तास लागला. नकाशावर वस्तीचं नाव नव्हतं, घरंही नव्हती. फक्त ब्लॉक नंबर आणि हद्दी. मंगलाबाईंनी तर्जनी नहेरीच्या निळ्या रेघेवर ठेवली आणि पुलापासून मोजायला सुरुवात केली. हा पूल, हा विजेचा मोठा टॉवर, इथून नहेर वळते, वळणाच्या आधी आपली रांग. बोट थांबलं तिथे एक जाड लाल पट्टा होता.

"भाऊ, मनं घर कथा शे यामा?" त्यांनी मला विचारलं. माझं घर यात कुठे आहे.

मी म्हटलं, बोटाखालीच आहे.

"मनं घर ते दखातच नही." माझं घर तर दिसतच नाही.

शेजारी भटूअण्णा उभे होते. रांगेतलं चौथं घर त्यांचं, खात्यावर जॉबर, म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारे. ते म्हणाले, "मंग इतला दिन आम्ही जेवनूत कथा?"

हसले सगळेच. टेबलापाशी बसलेल्या कारकुनालाही कळलं असावं, तोही हसला. मग त्याने सांगितलं की लाल पट्टा म्हणजे प्रस्तावित रस्ता, चोवीस मीटर, नहेरीच्या अलीकडच्या काठाने.

चोवीस मीटर म्हणजे किती हे कागदावर कळत नाही. त्या रविवारी पाळी बदलण्याचा दिवस होता, खाती बंद होती. भटूअण्णांनी खात्यातून डाग पडलेल्या कोऱ्या कापडाचा एक तुकडा आणला. लूमवर काम करणारा माणूस लांबी कापडात मोजतो. टेप त्यांच्याकडेही असतो, पण विश्वास कापडावर. त्यांनी हाताने मापून चोवीस मीटर काढले, एक टोक नहेरीच्या कठड्याला दगडाखाली दाबलं आणि दुसरं टोक धरून घरांकडे चालायला लागले. कापड ओट्यावरून गेलं. मंगलाबाईंनी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं होतं. ते चुलीच्या कट्ट्याजवळून गेलं, मधल्या खोलीतून गेलं, पलंगाच्या खालून गेलं आणि मागच्या भिंतीला लागलं. भटूअण्णांच्या हातात अजून दोन मीटर शिल्लक होतं. त्यांनी ते नीट घडी करून पलंगावर ठेवलं. रांगेतली माणसं दारातून पाहत होती. नंतर प्रत्येकाने आपापल्या घरात तेच कापड लावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते रांगेतून फिरत होतं. उन्हात ते इतकं पांढरं दिसत होतं की मला आजही त्या रस्त्याचा रंग पांढराच आठवतो.

हरकत घ्यायची ठरली. बत्तीस घरं, बत्तीस अर्ज. नमुना गुजरातीत होता. मी लिंबायतच्या मराठी शाळेत शिकलो, गुजराती शिकलो दुकानांच्या पाट्यांवरून आणि नंतर बातम्यांसाठी. तेव्हा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मंगलाबाईंच्या ओट्यावर तीन संध्याकाळी मी बसलो. माणसं खात्यावरून सुटून तशीच यायची. केसांत, भुवयांत सुताची पांढरी धूळ. आवाज मोठे, कारण दिवसभर लूमच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांना हळू बोलण्याची सवय राहिलेली नसते. सगळ्यांना घाई होती. पुढच्या आठवड्यात लग्नं होती, गाव गाठायचं होतं, बसची तिकिटं काढून झाली होती.

नमुन्यात पहिला रकाना नावाचा, दुसरा पत्त्याचा. मी प्रत्येकाला पत्ता विचारला आणि प्रत्येकाने गावाचा सांगितला. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. मुक्काम पोस्ट तमुक, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव. भटूअण्णांना मी विचारलं, इथला लिहायचा का. ते म्हणाले, "नेहमीना लिखी दे." नेहमीचा लिहून दे. मी लिहिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या वडिलांच्या बँकेच्या पुस्तकावर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, अगदी माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जावरही पत्ता पारोळा तालुक्यातल्या गावाचा आहे. त्या गावी मी सलग पंधरा दिवसही राहिलेलो नाही.

ही सवय का लागते, हे सांगता येतं. सुरतेत खोली बदलते. उधन्यातून लिंबायतला, लिंबायतमधून डिंडोलीला, तिथून नहेरीकाठी. खातं बदलतं, शेठ बदलतो. पत्र येईल तेव्हा आपण त्याच खोलीत असू याची खात्री नसते. गावाकडे कोणीतरी असतंच. म्हणून तीस-तीस वर्षं सुरतेत राहूनही कागदावर माणूस तिथलाच राहतो. घर बांधलं, मुलं इथल्या शाळेत गेली, गुजरातीत भांडायला लागली, तरी रकाना समोर आला की हात गावाचं नाव लिहितो. त्या तीन संध्याकाळी माझ्या हाताने बत्तीस वेळा लिहिलं.

मुदतीच्या आत अर्ज दाखल झाले. पोचपावत्या मिळाल्या. मंगलाबाईंनी त्यांची पावती डाळीच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बहुतेक घरांना कुलपं लागली. वैशाखातलं गिरणानगर फार शांत असतं. नहेरीचं पाणी ऐकू येतं, एरवी येत नाही. पलीकडच्या काठावर तेव्हा उभा ऊस होता, माणसाच्या दीडपट. वारा आला की तो आवाज आणि पाण्याचा आवाज वेगळा काढता येत नसे. मला त्या ऋतूतलं सगळ्यात जास्त हेच आठवतं, आणि बातमीत त्याला जागा नव्हती.

पुढे पावसाळा गेला. दिवाळीला खाती बंद झाली, माणसं पुन्हा गावी गेली, लाभपाचमीला बाजार उघडला तशी परत आली. ती परत आल्यानंतरच्या आठवड्यात सुनावणीच्या नोटिसा टपालाने निघाल्या. अर्जावर जो पत्ता होता, त्या पत्त्यावर. नियम तोच आहे.

बत्तीस पाकिटं खानदेशात गेली. काही "दरवाजा बंद" असा शेरा घेऊन परत आली. काही पोचली आणि पोचल्या जागी राहिली. शेताकडे निघालेल्या भावाने घेतली, कोनाड्यात ठेवली, पुढच्या वेळी कोणी सुरतेला जाईल तेव्हा देऊ म्हणून. मंगलाबाईंचं पाकीट त्यांच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, सही करून घेतलं. आप्पांचं वय ऐंशीच्या आसपास, गावी एकटे राहतात. त्यांना वाटलं, सुनेच्या गॅसचा किंवा मीटरचा काही कागद असेल. चार-पाच दिवस पाकीट त्यांच्या उशाशी होतं. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी ते उघडलं आणि फोन केला.

"गुजरातना कागद येल शे. काय लिखेल शे ते समजत नही. आकडा तेवढा समजतस. तारीख उद्यानी शे."

मंगलाबाईंनी सकाळी सहा वाजता रांगेत दारं वाजवली. दिवसपाळीची माणसं डबे घेऊन निघत होती. ऐनवेळी खाडा केला तर लूम उभी राहते, आणि बदली माणूस सातच्या आत मिळत नाही. शिवाय प्रत्येकाने एकच विचारलं, आपल्याला कुठे नोटीस आलीये. भटूअण्णा भाचीच्या लग्नाला शिरपूरला होते. मंगलाबाईंनी चौदा जणांचं सकाळचं जेवण करून ठेवलं, दार शेजारणीकडे सोपवलं, आणि आम्ही दोघं निघालो. त्यांच्या पिशवीत लाइट बिल, घराच्या वेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती, गॅसचं पुस्तक आणि वैशाखातली ती पोच होती. रिक्षात त्या फक्त एकदा बोलल्या. "तुम्हाला गुजराती लिहिता येतं, पत्ता लिहिता नाही आला." रागाने म्हणाल्या नाहीत.

सुनावणीचे अधिकारी मध्यम वयाचे, शांत, चष्मा कपाळावर. त्यांनी अर्ज पाहिला, मग मंगलाबाईंकडे पाहिलं.

"बेन, तमे तो धुळिया जिल्लाना. तो यहाँ के रस्ते से आपको क्या तकलीफ?"

"घर इधर है साहेब. गाव में तो सासरा रहता है."

"फिर इधर का पता क्यों नहीं लिखा?"

"जिंदगीभर वही लिखते आए. आज तक किसीने पूछा नहीं."

अधिकाऱ्यांनी लाइट बिल पाहिलं, वेऱ्याची पावती पाहिली, ब्लॉक नंबर स्वतः नकाशावर ताडून घेतला आणि अर्जावर पेन्सिलीने खूण केली. मग कारकुनाने बाकीची नावं पुकारली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबून तो लिहीत होता. तिसऱ्या नावाला मंगलाबाई म्हणाल्या, "हाजिर है साहेब."

"कहाँ है?"

"खाते पे है. सात बजे छूटेगा."

अधिकारी हसले नाहीत. सुनावणी पाचपर्यंत असते, असं त्यांनी सांगितलं. ज्याचा अर्ज त्यानेच बोलायचं, हेही सांगितलं. मंगलाबाईंनी विचारलं, रांग एकच आहे, भिंतीला भिंत आहे, माझं घर राहिलं आणि शेजारचं गेलं असं कसं होईल. त्यावर ते म्हणाले, रस्ता नको एवढं म्हणून चालत नाही, रस्ता लागणार आहे. कुठून न्यावा, याची सूचना असेल तर द्या, ती लिहून घेता येते.

मंगलाबाई उठल्या, भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. त्यांनी पूल शोधला, टॉवर शोधला, आणि निळ्या रेघेच्या दुसऱ्या बाजूला हात ठेवला.

"इधर से लो. उधर तो ऊस है साहेब, शेरडी. कोई रहता नहीं."

ते लिहून घेतलं गेलं. सुनावणी अकरा मिनिटं चालली. परत येताना त्यांनी बाजारातून वांगी घेतली.

आता या आठवड्याबद्दल. मंगळवारी मी सुधारित नकाशे पाहायला गेलो. सभागृह तेच, पंखे तेच, कोपऱ्यांवर फरशीचे तुकडे. लाल पट्टा पुलापाशी नहेर ओलांडतो आणि वळणापर्यंत पलीकडच्या काठाने जातो. रुंदी चोवीस मीटरच आहे. गिरणानगरची रांग पूर्ण पिवळ्यात आहे. सोबतच्या तक्त्यात बदलाचं कारण दिलं आहे: स्थानिक अर्जदाराची सूचना, पलीकडील क्षेत्र शेतीखाली असल्याने.

पलीकडच्या शेतातला ऊस या हंगामात कापला गेला. तो कापला की मागे विटांच्या खोल्यांची एक ओळ दिसते. पत्र्याची छपरं, दोन हातपंप. तिथे नांदेड-लातूरकडची माणसं राहतात. बांधकामावरची. ऊस उभा असला की त्या खोल्या आमच्या काठावरून दिसत नाहीत. पण त्यांतले तिघं रोज संध्याकाळी पुलावरून मंगलाबाईंकडे जेवायला येतात, आणि चौथा, बालाजी, हा गवंडी आहे. मंगलाबाईंच्या स्वयंपाकघरातली फरशी त्यानेच बसवली. बायको आणि दोन मुलींसह तो त्या ओळीतल्या पहिल्या खोलीत राहतो. जागा त्याने चार वर्षांपूर्वी घेतली, स्टॅम्पपेपरवर.

बुधवारी संध्याकाळी तो ओट्यावर आला तेव्हा मी तिथे होतो. जेवणारे उठून गेले होते. मंगलाबाई ताटं गोळा करत होत्या.

"मावशी, नकाशा बगून आलो," तो म्हणाला. "तितं लिवलंय, कुणीतरी सूचना दिली म्हणून."

"मी दिली."

"तुमी?"

"मी ऊस सांगितला, बालाजी. ऊस होता ना तिथं."

"होता की. अन् उसाच्या मागं?"

मंगलाबाईंनी ताटं खाली ठेवली. पलीकडे कोणीतरी हातपंप मारत होतं, तो ऐकू येत होता.

"फरशी बसवताना आठ दिवस दुपारचं जेवण माझी बायकोच घेऊन यायची बगा, त्याच पुलावरनं," बालाजी म्हणाला. "तुमीच म्हणायचात, हिला उनाचं कशाला बोलावतो, इथं जेव." त्याचा आवाज चढला नव्हता. तो हिशोब मांडावा तसं एकेक सांगत होता.

"त्या दिवशी मला माझं घर दिसत होतं," मंगलाबाई म्हणाल्या. "दुसरं काही दिसत नव्हतं."

"आता आमाला आमचं दिसायलंय."

त्याने नमुना खिशातून काढला. घडी पडलेला, कोरा. मंगलाबाईंनी तो घेतला, मला दिला आणि पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. बालाजीने सुरुवात केली, मुक्काम पोस्ट, तालुका मुखेड. त्यांनी त्याला तिथेच थांबवलं. "गाव नको. ही खोली लिही. पुलाचं नाव लिही. लाइट बिल आहे का तुझ्याकडे? त्यावर जसं आहे तसंच्या तसं." नंतर त्याला खोल्यांमधल्या बाकीच्यांनाही हेच सांगायला लावलं. लग्नसराईला गावी जाणार असाल तर जाण्याआधी अर्ज द्या, असंही सांगितलं. बालाजीने मान डोलावली. जाताना तो म्हणाला, "तुमी पण एक अर्ज द्या की, मावशी. तुमीच सांगितलं होतं ना, मंग तुमीच सांगा, माणसं राहतात म्हणून. तुमचं लिवून घेतलं त्यांनी."

तो गेल्यावर शेजारच्या दारातून भटूअण्णा बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. भिंत एकच आहे.

"वहिनी, तू काही लिखू नको. तू बोलनी का रेघ परत आठेच येई." तू बोललीस की रेघ परत इथेच येणार.

"माले माहीत शे," मंगलाबाई म्हणाल्या.

"बत्तीस घरं शेतस."

"ते बी माहीत शे." त्यांनी ताटं उचलली आणि आत गेल्या.

मी पुष्कळ वर्षं हरकती आणि सूचनांच्या बातम्या लिहिल्या. त्या बातमीचा एक साचा असतो. किती अर्ज आले, किती मान्य झाले, किती फेटाळले. मान्य झालेल्या सूचनेला दुसरा काठ असतो, हे त्या साच्यात बसत नाही. नकाशावर दोन काठांमध्ये अर्ध्या बोटाचं अंतर आहे. पुलावरून चालत गेलं तर चार मिनिटं लागतात, हातात डबा असेल तर थोडी जास्त.

शुक्रवारी दुपारी पावणेतीन वाजता बालाजीचा अर्ज दाखल झाला. त्यावर सुरतेचा पत्ता आहे आणि सोबत लाइट बिलाची प्रत जोडली आहे. पलीकडच्या खोल्यांमधले आणखी पाच अर्ज त्याच दिवशी आले. मंगलाबाई बालाजीबरोबर कार्यालयात आल्या होत्या. त्या बाकावर बसल्या होत्या. कारकुनाने त्यांना ओळखलं आणि तुमचाही अर्ज आहे का, असं विचारलं. त्यांनी एक कोरा नमुना मागून घेतला आणि पिशवीत ठेवला.

मुदत संपायला आठ आठवडे आहेत. हे लिहीपर्यंत मंगलाबाईंचा अर्ज दाखल झालेला नाही.